१९५० सालची वाटावी अशी हॉट रॉड: निळी, आमसुली की काळी?

बोनेट_उघडा

मंडळी,

गेली सहा वर्षं गॅरेजात जी ठोकाठोक चालू आहे ती अखेर रंगापर्यंत येऊन पोचली, आणि इथेच घोडं पेंड खातंय.

गाडी १९३१ ची फोर्ड मॉडेल ए, कूपे (दोन दारांची, बंद छताची). कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या पलीकडे एका कोठारात कोंबड्यांच्या संगतीत पडून होती. मूळचं चार सिलिंडरचं इंजिन काढून १९४६-४८ च्या फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (सपाट डोक्याचं, आठ सिलिंडरचं) बसवलंय. २३९ घनइंच, कंपनीच्या हिशेबाने १०० अश्वशक्ती. वर दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर. मॉडेल ए चे ब्रेक सळ्यांवर चालायचे, ते जाऊन १९४० च्या फोर्डचे हायड्रॉलिक आले. चाकंही त्याच सालची, १६ इंची, साध्या पत्र्याची. छत अडीच इंच कापून खाली घेतलं. मागचे दिवे गोल, १९५० च्या पॉन्टिअ‍ॅकचे. मडगार्ड चारही उतरवले.

सध्या गाडी राखाडी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) आणि लांबीच्या (खड्डे भरायच्या लुकणाच्या) ठिगळांत उभी आहे, कोड फुटल्यासारखी. मनात तीन रंग आहेत. फोर्डचा १९३२ चा वॉशिंग्टन ब्लू, १९४० चा मँडरिन मरून (आपला आमसुली म्हणा) आणि सरळ काळा. बायकोला पिवळा हवाय. मुलाला मॅट काळा. त्याने मोबाइलवर दाखवलेले सगळे फोटो मॅट काळेच आहेत.

मला एवढंच हवंय की १९५० साली कॅलिफोर्नियातल्या एखाद्या पेट्रोल पंपावर ही गाडी उभी असती तर कोणी वळून 'हा रंग कुठून आला बुवा' असं म्हणू नये. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

अबोली_७

मस्त धागा! पण आधी एक बाळबोध प्रश्न. हॉट रॉड म्हणजे नक्की काय? जुनी गाडी दुरुस्त केली की तिला व्हिंटेज म्हणतात ना?

एल_मिराज

अबोली, व्हिंटेजवाला गाडी कारखान्यातून निघाली तशी परत करतो. हॉट रॉडवाला तिच्यातलं नको असलेलं वजन काढतो आणि नसलेला जोर घालतो.

हा सगळा खेळ १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. तिथल्या वाळवंटात कोरडी तळी आहेत, पाटासारखी सपाट. म्युरॉकच्या तळ्यावर पोरं जुन्या फोर्ड घेऊन जायची आणि घड्याळ लावून पळवायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली. पुढे म्युरॉक लष्कराने घेतलं (आजचा एडवर्ड्स हवाई तळ तिथेच आहे), मग खेळ एल मिराजला गेला. माझं टोपणनाव तिथूनच. युद्धावरून परतलेल्या तरुणांकडे हातात कला होती आणि खिशात थोडे पैसे. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' मासिक निघालं, १९४९ मध्ये बॉनेविलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक (वेगाच्या चाचण्यांचा आठवडा) झाला. मडगार्ड का काढायचे? वजन. छत का कापायचं? वारा. देखणेपण मागाहून आलं, लग्नात रुसलेल्या मामासारखं, पण आलं ते ठाण मांडूनच.

आता धागाकर्त्याला माझा प्रश्न. तुमच्या गाडीवरचा सगळ्यात नवा भाग कुठल्या सालचा?

बोनेट_उघडा

दिवे. १९५०.

एल_मिराज

मग तुमची गाडी १९५० च्या आधीची असूच शकत नाही, हे पक्कं. आणि इंजिन फ्लॅटहेड आहे. १९५५ मध्ये शेव्हरोलेचं २६५ घनइंचाचं छोटं व्ही-८ आलं आणि पोरांनी फ्लॅटहेड काढून तेच घालायला सुरुवात केली. म्हणजे तुमची गाडी १९५० ते १९५५ या पाच वर्षांतली. रंग या पाच वर्षांतच शोधायचा. गाडी १९३१ ची आहे म्हणून १९३१ चाच तक्ता धरून बसायची गरज नाही. गाडीची जन्मतारीख वेगळी, मुंजीची वेगळी.

आता गंमत बघा. १९५१ मध्ये एखादा विशीतला मुलगा रंग घ्यायला गेला, तर काउंटरवर त्याला काय दिसणार? त्या वर्षीच्या नव्या गाड्यांचे रंगतक्ते. जुन्या फोर्डचे रंगही दुरुस्तीसाठी मिळायचेच. तेव्हा वॉशिंग्टन ब्लू बरोबर, मँडरिन मरून बरोबर, आणि १९५० च्या एखाद्या ब्यूकचा गडद हिरवाही बरोबर. फक्त त्यानंतरचं काही नको.

त्या काळच्या गाजलेल्या गाड्या बघा. डोन स्पेन्सरची १९३२ ची रोडस्टर (उघड्या छताची गाडी) काळी. १९९७ मध्ये पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या अतिश्रीमंत स्पर्धेत हॉट रॉडचा वर्ग पहिल्यांदा ठेवला, तेव्हा तीच पहिली आली. बॉब मॅगीची रोडस्टर 'हॉट रॉड'च्या १९४८ च्या ऑक्टोबर अंकाच्या मुखपृष्ठावर होती, ती लाल. १९५० मध्ये ओकलंडच्या प्रदर्शनात अमेरिकेतली सर्वांत सुंदर रोडस्टर म्हणून पहिला मान बिल नीकॅम्पच्या गाडीला मिळाला, ती निळी. काळा, लाल, निळा. घरंदाज रंग सगळे.

फिकट हिरवे, दोन रंगांचे लाड, ते 'कस्टम' म्हणजे मिरवण्यासाठी नटवलेल्या गाड्यांचं खानदान. बॉब हिरोहाटाची १९५१ ची मर्क्युरी बॅरिसच्या दुकानात झाली, वरून समुद्रफेसासारखी हिरवट आणि खालून गडद हिरवी. अप्रतिम गाडी, पण ती मिरवायची, तुमची पळवायची. दोघींच्या साड्या बदलू नका.

तिरका_चष्मा

तळमळीने लिहितो, राग मानू नये. ९० वर्षांची गाडी. तिचं इंजिन काढलं, ब्रेक काढले, छत कापलं, मडगार्ड काढले, आणि आता विचारताय की रंग 'काळाला धरून' कुठला द्यावा? वाड्याचे खांब विकून तुळशीवृंदावन कुठल्या शतकातलं ठेवू असं विचारण्यापैकी आहे. आपल्याकडे २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तरच व्हिंटेज म्हणून नोंद होते, नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. तुमच्या गाडीला आमच्या आरटीओने दारातही उभं केलं नसतं.

बोनेट_उघडा

चष्मेकाका, राग नाही. पण मॉडेल ए १९२८ ते १९३१ या चार वर्षांत ४० लाखांहून जास्त निघाल्या, आणि मूळ रूपात जपलेल्या अजून ढिगाने आहेत. माझी मिळाली तेव्हा इंजिन गोठलेलं, तळाचा पत्रा कुजलेला आणि सीटवर अंडी. मूळ रूप म्हणायचं तर कोंबड्यांनाच विचारावं लागलं असतं.

शिवाय १९५० सालची हॉट रॉड हाही आता इतिहासच आहे की. ७५ वर्षं झाली.

सायलेन्सर_नाही

काय रंग रंग करताय. मॅट काळा मारा आणि बोनेटवर ज्वाळा काढा. विषय संपला.

थिनरताई

सायलेन्सरराव, विषय आता सुरू होतोय. मी मिशिगनला रंगाच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं काढली, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गाड्या चालवता येत नाहीत मला धड, पण त्यांच्या अंगावरचं कातडं ओळखते.

सगळे जण निळा की लाल यावर बोलताय. माझ्या मते गाडी जुनी वाटते की नाही हे छटेपेक्षा रंगाच्या जातीवर जास्त ठरतं. थोडं मागे जाते.

मॉडेल टी सुरुवातीला लाल, करडी, हिरवी मिळायची. १९१४ ते १९२५ मात्र फक्त काळी, कारण भट्टीत भाजलेला तो काळा रंग स्वस्त होता आणि टिकायचा. बाकी कंपन्यांच्या रंगीत गाड्या ब्रशने, वॉर्निशचे थर देत रंगवल्या जायच्या, त्यात आठवडे जायचे. मग १९२३ च्या सुमारास ड्यूपॉन्टने 'ड्यूको' आणला. हा नायट्रोसेल्युलोज लॅकर. १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर (ही कंपनी, शहर नव्हे) तो निळ्या रंगात आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. तुमच्या मॉडेल ए ची बॉडीही कारखान्यात याच जातीच्या लॅकरने रंगवलेली होती. मडगार्ड मात्र काळ्या एनॅमलमध्ये बुडवून भाजलेले.

लॅकर वाळतो म्हणजे त्यातलं थिनर उडून जातं, बस. आत काही रासायनिक बांधणी होत नाही. म्हणून पुढचा हात मागच्या हातात विरघळून मिसळतो, आणि वीस वर्षांनीही थिनरचा बोळा फिरवला तर रंग बोळ्यावर येतो. घन भाग कमी, त्यामुळे दहा-पंधरा हात मारावे लागायचे आणि मग घासून घासून चकाकी आणायची. ती चकाकी काचेसारखी नसते. हस्तिदंताला हात लागून लागून येते तशी असते, जरा मऊ. 'हँड रब्ड लॅकर' असं ती पोरं छाती फुगवून सांगायची ते याचसाठी.

आज बॉडी शॉपमध्ये जे देतील ते म्हणजे खाली रंगाचा बेस आणि वर पारदर्शक क्लिअर. ही पद्धत १९८० च्या दशकात सर्रास झाली. रंग कितीही अचूक १९३२ चा असू दे, वर क्लिअरचा जाड थर आला की गाडी साखरेच्या पाकात घोळल्यासारखी दिसते. सावलीचा काठसुद्धा वेगळा पडतो. लोकांना कारण सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं.

खरं लॅकर मारा असंही मी म्हणणार नाही. उन्हाने आणि थंडीने त्याला तडे जातात, विशेषतः जाड थर असेल तर. शिवाय कॅलिफोर्नियात थिनरच्या वाफांवर इतके कडक नियम आहेत की दुकानवाले हात लावायचे नाहीत. मधला मार्ग: सिंगल स्टेज अ‍ॅक्रिलिक युरेथेन. रंग आणि चकाकी एकाच थरात. तीन हात मारा, नीट पिकू द्या, मग १५०० आणि २००० च्या वॉटर पेपरने घासून पॉलिश करा. जवळजवळ तोच मऊपणा येतो. एक अट, रंग साधा घ्या, मेटॅलिक नको. सिंगल स्टेज मेटॅलिक घासलं की अ‍ॅल्युमिनियमचे कण उघडे पडतात आणि गाडी डागाळते.

आणि हात जोडून सांगते, युरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येत नाही म्हणून कळत नाही, पण एकदा फुफ्फुसाला बाधलं की आयुष्यभर दमा. साधा मास्क चालत नाही, बाहेरून हवा पुरवणाराच लागतो. तो नसेल तर घरी स्प्रे गन हातात धरू नका. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असायचं.

अबोली_७

थिनरताई, वाचनखूण साठवली! अवांतर: आमच्या सुताराने कपाटाला 'ड्यूको' केला होता. तोच हा?

पत्रा_आणि_लांबी

तोच की! ताई, तुम्ही ड्यूको म्हटल्यावर गप्प बसवेना. कोल्हापूर, उद्यमनगर. आमच्या वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज, १९७८ पासून. आमच्यात अजून 'ड्यूको' म्हणजे गनने मारायचा रंग, कंपनी कुठली का असंना. तो अमेरिकेतला शब्द हाय हे मला आज कळलं.

दोन गोष्टी लिहितो, पुस्तकातल्या न्हाईत.

एक. पावसाळ्यात आमचे वडील ड्यूकोची गन खुंटीला अडकवायचे ते पार नवरात्रापर्यंत. हवेत दमटपणा असला की थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाफ धरते आणि रंग पांढरट धुरकट होतो. काळ्या गाडीवर तर भस्म फासल्यागत दिसतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. जुन्या लाल रंगावर फिका रंग मारायचा असेल तर आधी देवाचं नाव घ्या. ८४-८५ ची गोष्ट, एका उमेदवाराची लाल जीप प्रचारासाठी पांढरी करायला आली. वडिलांनी घासून, प्रायमर मारून, पांढराशुभ्र ड्यूको दिला. सकाळी बघतात तर जीप गुलाबी. राणी न्हवं, लाजल्यागत गुलाबी. परत दोन हात मारले, दुपारी परत गुलाबी. खालचा लाल थिनरात विरघळून वर येत होता. उमेदवार बोंबलत आला, मग सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडला. पडला पण तो निवडणुकीत, आणि खापर आमच्या जीपवर फोडलं.

तवा तुमच्या वहिनींना पिवळाच हवा असंल तर खाली आधी काय काय हाय ते बघा भावा.

थिनरताई

दादा, अगदी बरोबर! त्याला 'ब्लीडिंग' म्हणतात. जुने लाल आणि मरून रंग ज्या सेंद्रिय रंगद्रव्यांचे असायचे ती थिनरमध्ये विरघळायची. वरून एपॉक्सीचा (थिनरात न विरघळणाऱ्या प्रायमरचा) थर देऊन कोंडावं लागतं. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

सायलेन्सर_नाही

नायट्रोसेल्युलोज म्हणजे तेच ना, ज्याचे जुने सिनेमे जळायचे? २००३ मध्ये पुण्यात आग लागली होती त्यात प्रभातच्या रिळी गेल्या. म्हणजे त्या काळी लोक सिनेमाची रीळ अंगाला गुंडाळलेल्या गाड्या चालवायचे?

थिनरताई

एकाच कुळातलं. वाळलेला रंग लोखंडावर पातळ बसलेला असतो म्हणून गाड्या भडकत नसत, पण रंगशाळांना आगी लागायच्या त्या यामुळेच.

एल_मिराज

मॅट काळ्याबद्दल. मुलाला समजावून सांगा की त्या काळी प्रायमरमध्ये गाड्या फिरायच्या हे खरं, पण कोणी ते शेवटचं रूप म्हणून करत नसे. बॉडीचं काम अर्धं झालेलं, पैसे संपलेले, म्हणून प्रायमर. राखाडी, काळा किंवा रेड ऑक्साइड, आपल्या खिडकीच्या गजांना मारतात तो. हातात पैसे आले की पोरं पहिल्यांदा रंग करायची. प्रायमर पाणी पितो, पहिल्या पावसाळ्यात खालून गंज सुरू. मुद्दाम मॅट काळा करून 'हीच परंपरा' म्हणणं हे फार नंतरचं खूळ आहे. नव्या धोतराला ठिगळ लावून गरिबी दाखवण्यातला प्रकार.

ज्वाळांचं म्हणाल तर त्या पाच वर्षांच्या शेवटीशेवटी चालतील. व्हॉन डच वगैरे रंगाऱ्यांनी पट्टे आणि ज्वाळा गाजवल्या त्या १९५० च्या दशकातच, पण १९५१ च्या गाडीवर मला तरी त्या घाई केल्यासारख्या वाटतात. कँडी अ‍ॅपल लाल तर नकोच, तो म्हणजे जो बेलन या रंगाऱ्याचा, सोनेरी-चंदेरी थरावर पारदर्शक लाल. त्याचं राज्य नंतर आलं. मेटलफ्लेक (चमकीचे मोठे कण घातलेला रंग) त्याहून नंतरचा, १९६० च्या दशकातला.

सायलेन्सर_नाही

बरं बाबा. धोतर सोडून बोला.

बोनेट_उघडा

मंडळी, तीन आठवडे गायब होतो, कारण पत्रा_आणि_लांबी यांचं ऐकून खाली काय काय आहे ते बघायला गेलो.

आधी दुकानाची गोष्ट. रंगाचं एक दुकान आहे इथे, नाव घेत नाही. वॉशिंग्टन ब्लूचा जुना नंबर दिला, त्यांनी संगणकावरून आजच्या रंगांत बसवून अर्धा लिटर काढून दिला. दुकानात ट्यूबलाइटखाली झाकणावर बोट फिरवलं, अगदी तक्त्यासारखा. घरी पत्र्यावर मारून उन्हात आणला तर वांगी! अक्षरशः भरलं वांगं करायला घ्यावं असा जांभळट. परत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो, नंबर बरोबर आहे, तुमचं ऊन चुकीचं असेल.

थिनरताई

ऊन नाही, रंगद्रव्यं वेगळी. जुन्या सूत्रातली द्रव्यं आता मिळत नाहीत, त्यांच्या जागी दुसरी घालतात. एका दिव्याखाली जुळतात, दुसऱ्याखाली फारकत. दुकानवाल्याला सांगा, जांभळी झाक देणारा निळा कमी करून काळा थेंबाथेंबाने वाढवायचा, आणि प्रत्येक वेळी बाहेर उन्हात बघा. छापील तक्त्यावर फार विसंबू नका, तेही ८०-९० वर्षांत उडालेले असतात.

बोनेट_उघडा

ताई, तेच केलं. पाचव्या खेपेला जमला. काउंटरवरचा आता मला बघितलं की मागच्या खोलीत जातो.

आता मुख्य गोष्ट. डिकीच्या झाकणाची आतली बाजू मी आजवर घासलीच नव्हती, वरून कोणीतरी भिंतीचा पांढरा रंग फासला होता. तिथे वॉटर पेपर घेऊन रुपयाएवढा खड्डा पाडला आणि कडा पसरट घासत गेलो. एकेक वलय उघडलं, कांदा चिरल्यासारखं. सगळ्यात वर पांढरा. त्याखाली राखाडी प्रायमर. त्याखाली काळा. त्याखाली गडद आमसुली, भलताच जाड. आणि अगदी तळाशी, पत्र्याला चिकटून, शेणकाल्यासारखा हिरवट तपकिरी. मॉडेल ए च्या तक्त्यात 'ड्रॅब' नावाचे रंग आहेत, त्यातलाच.

आमसुलीवर थिनरचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला. लॅकर! तो थर जाड आहे, म्हणजे कोणीतरी खूप हात मारले होते आणि डिकीच्या आतपर्यंत मारले होते. कारखान्याचा नाही, कारण त्याच्या खाली कारखान्याचा आहे. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी हिला नटवली होती. कधी, कोणी, काही कळायला मार्ग नाही. रात्री अकरा वाजता गॅरेजात तो लाल बोळा हातात घेऊन बराच वेळ बसलो होतो.

अबोली_७

अंगावर काटा आला. आता आमसुलीच करा!

एल_मिराज

यापुढे चर्चाच नाही. गाडीने स्वतः सांगितलं. आमसुली.

पत्रा_आणि_लांबी

आमसुली. आणि पिवळा आता विसरा, नाहीतर भगवी होऊन बसंल.

तिरका_चष्मा

मी म्हणेन शेणकाल्याचा द्या. मूळ रंग तोच.

(पण बोळ्याची गोष्ट आवडली. मान्य.)

बोनेट_उघडा

सगळ्यांचे आभार, आणि आता शिव्या द्या. मी निळा करतोय.

आठ दिवस विचार केला. दोन पत्रे रंगवले, एक निळा आणि एक आमसुली, दोन्ही मोठे, दाराच्या आकाराचे. नखाएवढ्या नमुन्यावरून गाडीचा रंग ठरवू नये हे आता पटलंय. छोटा तुकडा गडद दिसतो, मोठा पत्रा उन्हात दोन पायऱ्या उजळतो. पत्रे कुंपणाला टेकवून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला बघितले. आमसुली दुपारी सुरेख, संध्याकाळी मात्र काळा होऊन बसतो. निळा संध्याकाळी सगळ्यात छान. आणि मी गाडी काढणार ती संध्याकाळीच, कारण इथे उन्हाळ्यात दुपारी ४० अंश असतात आणि फ्लॅटहेडला गरम व्हायला निमित्त पुरतं.

सांगलीला आईला व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवले. तिला हॉट रॉड वगैरे काही ठाऊक नाही. निळ्याकडे बघून म्हणाली, "ही तर तुझ्या बाबांच्या पेनातली शाई." बाबा तलाठी होते. शर्टाच्या खिशाला कायम तेवढा डाग.

ज्याने आमसुली दिला त्याने त्याच्या मनासारखा दिला असणार. डिकीच्या आत तळहाताएवढा चौकोन मी तसाच ठेवणार आहे, मास्किंग टेप लावून, सगळी वलयं दिसतील असा. बाकी सगळ्यावर एपॉक्सीचा थर, ताईंनी सांगितल्याप्रमाणे. रंग मी मारणार नाही, हवा पुरवणारं यंत्र माझ्याकडे नाही. एक म्हातारा पेंटर मिळालाय, सिंगल स्टेज म्हटल्यावर त्याचा चेहराच खुलला. घासणं-पॉलिश माझ्याकडे.

बायको विचारतेय पिवळ्याचं काय. तिला म्हटलं, छत काळ्या कापडाचं आहे. खाली पिवळा दिला तर उलटी टॅक्सी होईल. मुंबईची शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तिला सॅक्रामेंटोत पुनर्जन्म कशाला. ती हसली नाही. मग तडजोड: चाकं फिक्या श्रीखंडी रंगाची. १९३२ च्या फोर्डला टॅकोमा क्रीम होताच.

थिनरताई

शाई! मला आधी का सुचलं नाही. निळी-काळी, दौतीतली. करा निळीच.

एल_मिराज

रंगाबद्दल हरलो, चाकांबद्दल हरणार नाही. निळ्यावर लाल चाकं. क्रीम चाकं ब्रेकच्या धुळीने पंधरा दिवसांत चहाच्या कपासारखी होतील.

सायलेन्सर_नाही

लालला +१. ज्वाळा नाहीत तर निदान चाकं तरी.

बोनेट_उघडा

चार चाकं आहेत, दोन लाल दोन क्रीम करू का? घरात आधीच मतदान चालू आहे, तुम्ही आणखी पेट्या आणू नका.

येत्या शनिवारी एपॉक्सी. फोटो टाकतो.

पत्रा_आणि_लांबी

भावा, शनिवारच्या आधी एक काम कर. लांबी भरलीयस त्यावर उलटा हात फिरव, तळवा न्हाई, हाताची मागची बाजू, डोळे मिटून. आणि अंगावर पातळ सुती फडकं ठेवून परत एकदा फिरव. गडद निळा हाय, उन्हात प्रत्येक लाट दिसंल. राखाडी प्रायमर सगळं झाकतो, निळा काही झाकणार न्हाई.

बोनेट_उघडा

आत्ता जाऊन फिरवला. डाव्या दारावर, हँडलच्या खाली, वीतभर लाट आहे.

शनिवार पुढे ढकलला.